खालचा उजवा कोपरा

राखाडीमामांना लोक राखाडीमामा म्हणायचे ते काही लाडानं नव्हे. बावीस वर्षं हा माणूस नगरपालिकेच्या नोकरीत भिंती पुसत होता, आणि पुसायला त्याला जो रंग मिळायचा तो राखाडी. तोही धड राखाडी नाही. भांडारातला कारकून उरलासुरला पांढरा, उरलासुरला काळा, कुठल्या तरी शाळेच्या दरवाजाचा शिल्लक निळा, सगळं एका पिंपात ओतायचा आणि काठीनं ढवळायचा. निघेल ती राखाडी. सोमवारची वेगळी, गुरुवारची वेगळी. त्यामुळे शहरभर भिंतींवर मामांचे चौकोन होते आणि एकाचा रंग दुसऱ्याशी जुळत नव्हता. पण कडा मात्र बघाव्यात! दोरी न लावता मारलेल्या, सुरीनं कापल्यासारख्या सरळ. त्या कडांकडे बावीस वर्षांत कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

काम सांगायला सोपं. कोणी भिंतीवर काही खरडलं की मामांनी सायकलच्या हँडलला बादली अडकवून तिथं जायचं, मजकूर झाकायचा आणि फॉर्म भरायचा. फॉर्म महत्त्वाचा. भिंत राहिली तरी चालेल, फॉर्म राहता कामा नये. त्यात तीन रकाने: ठिकाण, काढलेला मजकूर, कर्मचाऱ्याचे नाव. मध्ये कार्बन घालून दोन प्रती काढायच्या. पांढरी ऑफिसात, गुलाबी मामांकडे. पांढरी प्रत कोणी वाचते का, अशी शंका मामांना फार वर्षांपूर्वी आली होती. म्हणून एकदा त्यांनी मजकुराच्या रकान्यात 'आज पाठ फार दुखते' असं लिहून दिलं. ठप्पकन शिक्का बसला. तेव्हापासून मामा निर्धास्त झाले आणि काम व्हायच्या आधीच, आलेल्या तक्रारीवरून, सकाळच्या चहाबरोबर, फॉर्म भरून मोकळे व्हायला लागले.

गुलाबी प्रती घरी जायच्या. मामी त्या फडताळात डब्यांखाली अंथरायच्या. कागद जाड आणि फुकट. त्यामुळे त्या घरात साखरेच्या डब्याखाली कोणाच्या तरी आईचा उद्धार होता, मिठाच्या बरणीखाली 'तुझ्याविना मरेन' होतं आणि डाळींच्या खाली तीन-चार क्रांत्या अंथरलेल्या होत्या. मामी डबे पुसताना ते वाचायच्या. "हा मेला की नाही हो अजून, तुझ्याविनावाला?" असं अधूनमधून विचारायच्याही.

मामा मुळातले पुसणारे नव्हते. मामा होते पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवणारे, अस्सल. एका श्वासात हातभर वळण ओढणारा माणूस. आणि पेंटर लोकांची एक रीत होती. पाटी पूर्ण झाली, दुकानदार दोन पावलं मागं सरून 'वा, वा' करायला लागला, की पेंटरनं बारीक ब्रश घ्यायचा आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात आपलं नाव घालायचं. अंगठ्याच्या नखाएवढ्या अक्षरांत. कोणी सांगितलेलं नसायचं, कोणी हरकतही घ्यायचं नाही. पाटी दुकानदाराची, कोपरा पेंटरचा. त्याच्यावर भांडण झाल्याचं कोणाला आठवत नाही.

मामींनी नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं ते असंच. त्यांच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मामांनी पाटी रंगवून दिली तेव्हा मामी मावशीकडे गेलेल्या. परत आल्यावर दुकानाच्या पायरीवर बसता-उठता नजरेसमोर तो कोपरा. दोन वर्षं त्यांनी ते नाव वाचलं, मग स्थळ आलं तर तेच नाव! "आधी नाव पाहिलं, मग माणूस पाहिला," मामी अजून सांगायच्या. "नाव छान होतं."

पुढं प्लॅस्टिकच्या छापील पाट्या आल्या. संध्याकाळी सांगा, सकाळी घेऊन जा, वर दुकानदाराचा हसरा फोटो फुकट. दोन वर्षांत मामांचा धंदा बसला. नगरपालिकेत जागा निघाली तेव्हा साहेबांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, "ब्रश धरता येतो का?" मामा म्हणाले, "येतो." लागले नोकरीला. त्या दिवसापासून कोपरा संपला. पुसलेल्या भिंतीवर कोण सही करतो?

आता बावीस वर्षं ज्याच्याशी वैर आहे त्याची जातकुळी माणसाला पाठ होतेच. मामांनी ग्राफिटीचं कुठं शिक्षण घेतलं नव्हतं, पण शहरात त्या विषयात त्यांचा हात धरणारा कोणी नसेल. सगळ्यांत खालच्या पायरीवर टॅगवाले. टॅग म्हणजे नुसती सही, डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी, एका दमात मारलेली. मी इथं येऊन गेलो, एवढंच सांगणं. अरे, मग ये ना, पण येऊन गेलास याची नोंद भिंतीनं कशाला ठेवायची? मामांचा रोजचा संताप. त्यांच्या वर फुगेवाले. अक्षरं अशी फुगवायची की टाचणी लावली तर फुटतील, आत एक रंग, बाहेर एक रेघ, दहा मिनिटांत काम करून पळायचं. त्यांच्या वर गुंतेवाले. हे अक्षरांना बाण लावणार, शिंगं फोडणार, एकाचा पाय दुसऱ्याच्या गळ्यात घालणार. तुम्हांला वाचता आलं तर यांचा अपमान! मामा मात्र सगळं वाचायचे, कारण तक्रारीत मजकूर नसला की तो भिंतीवरून लावून फॉर्ममध्ये लिहावा लागे. कधीकधी एक शब्द लावायला अर्धा तास जायचा आणि निघायचं काय, तर 'पप्पू'.

आणि पुठ्ठेवाले. हे घरून पुठ्ठा कापून आणायचे, भिंतीला धरून फवारा मारायचे. गॅसचा मुखवटा घातलेलं कबुतर, मोबाइलच्या वायरीला लटकलेला माणूस. अर्थ फार खोल असायचा, म्हणजे बघता क्षणी कळायचा.

हे सगळं येतं कुठून तेही मामा भिंत बघून सांगत. अक्षरांना कार्टूनसारखे बटबटीत डोळे आले की समजायचं टीव्हीवर नवीन मालिका लागली. चौकोनी ठिपक्यांची चित्रं आली की जुना व्हिडिओ गेम पुन्हा चलनात आला. रॅपची गाणी जोरात असली की भिंतीभिंतीवर मुकुट, टेपरेकॉर्डर आणि 'आमची गल्ली' सुरू, मग लिहिणारा तेराव्या मजल्यावर राहत का असेना. एकदा एका बुटांच्या कंपनीनं जाहिरातीत ओघळणारी अक्षरं दाखवली. झालं! पुढचे सहा महिने शहरात ओघळल्याशिवाय एक अक्षर निघालं नाही. ओघळ! मामांच्या उमेदवारीच्या काळात ओघळ आला तर उस्ताद ब्रशचा दांडा बोटांवर हाणायचे. आणि हे शहाणे मुद्दाम ओघळ काढत होते, अंगावर त्याच कंपनीचे बूट घालून. कंपनीनं अक्षरं यांच्याकडून उचलली, यांनी बूट कंपनीकडून घेतले, आणि पुसायला मामा.

अशात एक मंगळवार उजाडला. आइस फॅक्टरीच्या मागच्या लांब भिंतीवर कोणीतरी 'भुंगा' लिहिलं होतं. हा भुंगा मामांचं जुनं गिऱ्हाईक. गेली तीन वर्षं शहरभर भुणभुणत होता. पण या वेळी त्यानं जीव ओतला होता. दोन पुरुष उंच अक्षरं, पिवळ्यातून केशरीत जाणारा रंग, अनुस्वाराच्या टिंबाला दोन पंख. रंगाची जाण होती हो पोराला, मामांनी मनातल्या मनात मान्य केलं. फॉर्म चहाबरोबर भरून झालाच होता: 'काढलेला मजकूर: भुंगा.' मामांनी रोलर बादलीत बुडवला, उचलला, आणि त्यांचा हात तसाच थांबला.

सावली चुकली होती.

म्हणजे बघा, अक्षर उठून दिसावं म्हणून त्याला एका बाजूनं काळी सावली देतात. उजेड डावीकडून आला तर सावली उजवीकडे. सगळ्या अक्षरांना. सूर्य एकच असतो, हे उस्तादांनी पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. इथं 'भु'ची सावली उजवीकडे आणि 'गा'ची डावीकडे! मधला अनुस्वार बिचारा दोन सूर्यांच्या तडाख्यात. आणि भुच्या उकाराला पोटच नव्हतं, शेपूट नुसती तुटल्यासारखी लोंबत होती.

"अरे गाढवा!" मामा भिंतीला म्हणाले.

पुसायचंच होतं. दोन हात मारले की प्रश्न मिटला. पण ज्याचं आयुष्य अक्षरांत गेलं त्याच्याच्यानं चुकीचं अक्षर दुरुस्त केल्याशिवाय पुसवत नाही. मास्तर वही फाडून टाकण्याआधीसुद्धा तांबड्या शाईनं चूक दाखवतोच की. मामांच्या पिशवीत विजेच्या खांबांवर नंबर घालायचे काळ्या-पांढऱ्या ऑइलपेंटचे डबे होते, आणि तळाशी, फडक्यात गुंडाळलेला, जुना सहा नंबरचा चपटा ब्रश. तो का बाळगता असं विचारलं तर मामा म्हणाले असते, सवय.

आधी 'गा'ची सावली उजवीकडे घेतली. मग ती घेतल्यावर 'भु'ची फिकी वाटायला लागली, ती दाट केली. उकाराला पोट दिलं, खालून वर येताना ब्रश हलका करत, जसा घड्याळाच्या दुकानाच्या पाटीवर केला होता तसा. प्रत्येक अक्षराच्या डाव्या खांद्यावर पांढऱ्याची एकेक बारीक रेघ, चमक म्हणून. दुपार कधी झाली कळलं नाही. जेवणाचा डबा तसाच राहिला. मामा मागं सरकले, आणखी मागं सरकले, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा एका भिंतीसमोर त्यांच्या तोंडून 'वा' निघालं.

आता पुसा म्हणावं, तर बादलीतल्या राखाडीवर दुपारभराच्या उन्हानं साय धरलेली. भांडारात गेले तर कारकून अर्धा दिवस रजेवर. उद्या पुसू, मामा स्वतःला म्हणाले. सायकल जरा जास्तच जोरात मारत घरी गेले.

बुधवारी तिथं गर्दी होती. कोणीतरी फोटो काढून पसरवला होता आणि तो एका चष्मेवाल्या बाईंनी पाहिला होता. या बाई कलातज्ज्ञ. नगरपालिकेच्या 'आपलं शहर, रंगीत शहर' समितीवर. कालपर्यंत ज्या भिंतीवर लिहिल्याबद्दल दंड होता तिथं त्यांनी दोरी लावून घेतली. पुसायचं नाही, हात लावायचा नाही. मामा बादली घेऊन उभेच.

बाई पत्रकारांना समजावत होत्या, "हा एकाच दिशेनं येणारा प्रकाश बघा. ही उपनगरातल्या तरुणाची अस्वस्थता आहे. रॅपचा ठेका आहे या सावलीत. आणि हा उकार! हा व्हिडिओ गेमच्या पिढीचा उकार आहे. कलाकार विशी-बाविशीचा असणार, मी लिहून देते."

उकार एकोणसाठ वर्षांचा होता आणि त्याची पाठ दुखत होती.

दोन दिवसांनी मामांनी धीर केला. पत्रकार गेल्यावर बाईंना गाठलं. "बाई, कोणाला सांगणार नसाल तर एक बोलू? ती सावली मी घातली. उकारही माझाच."

बाईंनी चष्मा वर केला, मामांकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम मायाळू झाला. असा मायाळूपणा थोबाडीत मारल्यापेक्षा जास्त लागतो. "किती छान, काका," त्या म्हणाल्या. "कला सगळ्यांना आपली वाटते ना, हेच तिचं यश." आणि त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. स्वतःच्या नावावर.

ऑफिसात सांगायची सोय नव्हती. फॉर्मप्रमाणे भुंगा मंगळवारीच पुसला गेला होता, शिक्क्यासकट. खोटी नोंद एक, आणि कर्मचाऱ्यानं स्वतःच भिंत रंगवली हे दुसरं. निवृत्तीला नऊ महिने राहिले होते. नऊ महिन्यांसाठी कोण हात पोळून घेईल? मामांनी तोंड शिवलं.

पण घरी शिवता येईना. जेवताना त्यांनी मामींना सगळं सांगितलं, सूर्यापासून उकारापर्यंत. मामींनी पेपरातला फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"नाव कुठंय?"

"कसलं नाव?"

"तुमचं. कोपऱ्यात."

"अगं, मी पुसणार होतो ते! पुसायच्या गोष्टीवर नाव कशाला घालू?"

"हं," मामी म्हणाल्या. आता या 'हं'चं काय करायचं? तीस वर्षांच्या संसारात माणूस भांडण पचवतो, अबोला पचवतो, हा 'हं' नाही पचत. "नाव नाही तर तुमचं नाही. उद्या सगळं गाव म्हणेल मी केलं, मी केलं. माझ्या बाबांच्या पाटीवर होतं नाव. मला तेवढंच कळतं."

"तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे ना. कोपऱ्यात नाव दाखवा, अजून बसेल."

मामा ताटावरून उठले. त्यांना त्या बाईंचं काही वाटलं नव्हतं, पेपरवाल्यांचं काही वाटलं नव्हतं. हे मात्र आत कुठं तरी लागलं. जगात एका माणसानं त्यांचं नाव आधी पाहिलं होतं आणि मग त्यांना. त्याच माणसानं म्हणावं, नाव कुठंय?

पंधरवड्यानं समारंभ झाला. मांडव, खुर्च्या, माइक. 'अनामिक कलाकारास मानवंदना' असा फलक, प्लॅस्टिकचा, छापील. मामांना खुर्च्या मांडायला बोलावलं होतं. भाषणं निम्म्यावर आली आणि मागून एक माणूस उठला. डोक्यावर हुडीची टोपी, काळा चष्मा. "मीच भुंगा," तो म्हणाला. टाळ्यांचा नुसता कडकडाट! टोपी काढली तर आत छत्तिशीचा, टक्कल पडत चाललेला गृहस्थ. विमा कंपनीत शाखाधिकारी. पायांत तेच ओघळवाले बूट. बाईंचा विशी-बाविशीचा तरुण क्षणभर त्यांच्या घशात अडकला, पण तज्ज्ञ माणसं पटकन सावरतात. "वय हे मनाचं असतं," त्या माइकवर म्हणाल्या.

कोणीतरी विचारलं, ही सावली कशी सुचली?

भुंग्यानं भिंतीकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मामा खुर्च्यांच्या मागं उभे होते. या माणसाला माहीत आहे, जगात मला सोडून याला एकट्याला माहीत आहे, आता बोलेल, आता बोलेल.

"सावली सुचत नाही," भुंगा म्हणाला. "ती आतून येते."

समारंभ संपल्यावर मामा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "साहेब, त्या उकाराला किती वेळ लागला हो?"

भुंग्यानं चष्म्याआडून त्यांच्याकडे पाहिलं, अंगातल्या नगरपालिकेच्या जाकिटाकडे पाहिलं. त्याला समजलं की नाही, देव जाणे. त्यानं खिशातून जाड मार्कर काढला. "सही हवी का काका?" आणि मामांनी हो-नाही म्हणायच्या आत त्यांच्या बादलीवर फराट्यानं 'भुंगा' लिहून दिलं. उकाराला पोट नव्हतंच.

मामा ती बादली घेऊन घरी आले. मामींनी सही पाहिली, भिंतीचा फोटो पुन्हा एकदा पाहिला, पुन्हा सही पाहिली. रात्रीच्या भांड्यांचा आवाज रोजच्यापेक्षा कमी झाला. मग म्हणाल्या, "रविवारी मला घेऊन चला. प्रत्यक्ष बघते."

"नाव नसलेलं बघून काय करणार?"

"ते तुम्ही बघा," मामी म्हणाल्या.

शुक्रवारी भर दुपारी मामा भिंतीशी गेले. लपूनछपून करायची गरजच नव्हती. नगरपालिकेचं जाकीट घालून, बादली घेऊन भिंतीजवळ उभ्या असलेल्या माणसाला कोणी कधी विचारतं का, काय करतोस म्हणून? रखवालदारानं उलट दोरी वर धरली. समोर दोघं-चौघं सेल्फी काढत होते, ते म्हणाले, "काका, जरा बाजूला व्हा ना," आणि काका बाजूला झाले, खालच्या उजव्या कोपऱ्याकडे. तिथं उकिडवं बसून, बारीक ब्रशनं, त्यांनी आपलं नाव घातलं. अंगठ्याच्या नखाएवढ्या अक्षरांत. पहिलं अक्षर जपून काढलं. दुसरं सहज निघालं. बावीस वर्षं हात काही विसरला नव्हता. घरी येऊन ते नुसतं म्हणाले, "रविवारी लवकर निघू," आणि मामींनी कपाटातून ठेवणीतली साडी काढून खुर्चीवर टाकली.

शनिवारी सकाळी मुकादमानं हाक मारली. मुकादम म्हणजे मामांचा वरिष्ठ, चौदा वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून दोघांनी चहा प्यायलेला.

"मामा, आइस फॅक्टरी. अर्जंट आहे. लेखी तक्रार आलीय."

"कोणाची?"

"त्या भुंगासाहेबांची. त्यांच्या कलाकृतीवर कोणीतरी नाव खरडलंय. विद्रूपीकरण म्हणतायत. तीन पानी अर्ज आहे, कायद्याच्या कलमांसकट." मुकादमानं अर्ज लांब धरून त्यातलं नाव वाचलं. मामांचं नाव. पुरं, आडनावासकट. वाचून तो मान हलवत हसला. "कोण असतात हो हे लोक? दुसऱ्यानं मेहनत करायची आणि यांनी नाव घालायचं. लाज कशी वाटत नाही!"

मामा बघत राहिले. चौदा वर्षं. रोज एक फॉर्म. तिसऱ्या रकान्यात रोज तेच नाव. आणि या माणसाच्या डोळ्यांत ओळखीची एक रेष नाही. त्यांना संताप आला, मग हसू आलं, मग काहीच आलं नाही.

"मामा, ऐकताय ना?"

"ऐकतोय. पुसतो."

नाही म्हटलं असतं तर? मामांनी सायकलवर तो विचार करून पाहिला. दुसरा कोणी आला असता. रोलरनं एक फराटा मारला असता, उकाराच्या पोटावरूनच गेला असता मेला. त्यापेक्षा आपण बरे.

भिंतीशी बाई हजर होत्या. "सांभाळून हं काका," त्या म्हणाल्या. "मूळ कलाकृतीला धक्का नको. तुमच्यासाठी ते नुसतं काम असतं, पण..." वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं, कारण उरलेलं मामांना कळणार नाही अशी त्यांची खात्री होती.

मामा उकिडवे बसले. राखाडी आज जराशी निळसर होती. त्यांनी आपल्या नावाभोवती आधी चार कडा ओढून घेतल्या, दोरी न लावता, आणि मग आत भरत गेले, शेवटाकडून सुरुवातीकडे. आडनाव गेलं. वडिलांचं नाव गेलं. स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर उरलं, शुक्रवारी जे जपून काढलं होतं ते. त्याच्यावरून ब्रश फिरवताना मामांनी मोठ्यानं खाकरून घेतलं. बाई दोन पावलं मागं झाल्या.

फॉर्म या वेळी चहाबरोबर भरलेला नव्हता. तिथंच, बादली उपडी घालून तिच्यावर बसून, मामांनी तो भरला. रोज जे खरडत ते आज कोरून काढलं, पाटीवर काढावं तसं, उकारांना पोट देऊन. पांढरी प्रत ऑफिसात दिली. मुकादमानं न बघता शिक्का मारला.

घरी मामींनी साडीला इस्त्री करून ठेवली होती.

"उद्या जायला नको," मामा दारातच म्हणाले.

मामींनी हात पदराला पुसले. "का? नाव नाही ना? मला माहीत होतं."

मामांनी खिशातून गुलाबी कागद काढून पुढं केला. मामींनी सवयीनं तो घेतला, तेलाच्या बरणीखालचा कागद बदलायला झालाच होता, आणि बरणी उचलता उचलता वाचला.

ठिकाण: आइस फॅक्टरीमागील भिंत, खालचा उजवा कोपरा.

काढलेला मजकूर: तिथं मामांचं नाव होतं. पुरं.

कर्मचाऱ्याचे नाव: वरीलप्रमाणे.

मामींनी बरणी खाली ठेवली. खिडकीशी जाऊन कागद पुन्हा वाचला, बोट ठेवून, अक्षर-अक्षर, घड्याळाच्या दुकानाच्या पायरीवर बसून वाचायच्या तसा.

"तुमच्याकडूनच पुसून घेतलं?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

"दुसऱ्यानं पुसलं असतं तर कडा वाकड्या आल्या असत्या."

"मेल्यांनो," मामी म्हणाल्या. कोणाला ते त्यांनी सांगितलं नाही, पण यादी मोठी असावी.

मग त्यांनी डिंकाची बाटली शोधली. भाड्याच्या त्या घरात भिंतीला काही चिकटवायचं नाही अशी घरमालकाची सक्त ताकीद होती, खिळासुद्धा नाही, कॅलेंडरसुद्धा नाही, आणि तीस वर्षं मामींनी ती पाळली होती. त्यांनी गुलाबी कागदाला मागून चारी बाजूंनी डिंक फासला, दारासमोरच्या भिंतीवर, येणाऱ्याला पहिलं दिसेल अशा जागी तो दाबून बसवला आणि तळहातानं सुरकुत्या काढल्या.

"घरमालक ओरडेल," मामा म्हणाले.

"ओरडू दे," मामी म्हणाल्या. "आला पुसायला, तर तुम्ही फॉर्म भरू नका."